निवडणुकीचे नियम बदलायचे आहेत? मोहीम उभी करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

निवडणूक सुधारणेच्या मोहिमेपुढे एक अडचण असते, जी इतर मागण्यांमध्ये एवढी टोचत नाही. रस्ता, दवाखाना किंवा शाळा मागताना ज्याच्याकडे मागतो त्याचं स्वतःचं त्यात फारसं काही जात नाही. इथे मात्र निर्णय घेणारे सगळे जुन्या नियमांवरच निवडून आलेले असतात. नियम बदलले तर आपली जागा राहील का, हा हिशेब त्यांच्या मनात पहिल्याच मिनिटाला सुरू होतो. हे ओळखून मोहीम आखली तर ती टिकते. नुसत्या तत्त्वाच्या बळावर आखली तर दोन-चार परिसंवाद होतात आणि विरून जाते. या लेखातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती आहे: ज्यांना बदल नको आहे, त्यांच्याच हातून तो करून कसा घ्यायचा?

दुखणं नेमकं कोणतं?

"निवडणूक पद्धत सुधारा" ही मागणी होऊ शकत नाही, कारण तिला कुणी नाही म्हणत नाही आणि तिच्यावर कुणी काही करतही नाही. पहिल्या बैठकीतच ठरवा की तुम्हाला नेमकं काय खुपतंय. मिळालेली मतं आणि मिळालेल्या जागा यांचा मेळ बसत नाही, हे एक दुखणं. मतदारसंघांच्या सीमा सत्ताधाऱ्यांच्या सोयीने आखल्या जातात, हे दुसरं. मतदार यादीतून माणसं गळतात, हे तिसरं. पैशाशिवाय उमेदवारी मिळत नाही, स्त्रियांना आणि लहान समाजगटांना सभागृहात जागा नाही, पक्षांना देणग्या कुठून येतात ते कळत नाही, ही आणखी काही.

यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व (म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा) आणलं म्हणून निवडणुकीतला काळा पैसा थांबत नाही. सीमा आखण्याचं काम स्वतंत्र आयोगाकडे दिलं म्हणून स्त्री उमेदवारांची संख्या वाढत नाही. एकाच पत्रकात सात मागण्या छापल्या की विरोधकाला त्यातली सर्वांत कच्ची मागणी निवडून बाकीच्या सहा तिच्याबरोबर बुडवता येतात.

इंग्लंडमधल्या चार्टिस्टांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीने, १८३८ साली सहा मागण्या एकत्र मांडल्या होत्या: सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, समान लोकसंख्येचे मतदारसंघ, खासदारांना वेतन, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द आणि दरवर्षी नवी संसद. त्या काळी संसदेने त्या फेटाळल्या. पुढे कित्येक दशकांमध्ये, एकेक करून, वेगवेगळ्या कायद्यांनी, शेवटची सोडून बाकीच्या पाचही मागण्या मान्य झाल्या. त्या टिकल्या, कारण प्रत्येक मागणी हो किंवा नाही असं उत्तर देता येईल इतकी स्पष्ट होती. तुमच्या मागणीलाही हीच कसोटी लावा. सभागृहात ती मतदानाला टाकता येईल का? येत नसेल तर ती अजून मागणी झालेली नाही.

आकडे गोळा करा, आणि आपल्याला न आवडणारेही घ्या

मतं आणि जागा यांच्यातली तफावत हा तुमचा विषय असेल तर पुरावा उभा करणं अवघड नाही. अधिकृत निकालपत्रकं सगळीकडे उपलब्ध असतात. मागच्या चार-पाच निवडणुका घ्या. प्रत्येक पक्षासमोर मतांची टक्केवारी लिहा, शेजारी जागांची टक्केवारी लिहा. एवढ्याने बरंच काही दिसतं. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा, म्हणजे सुमारे ६३ टक्के. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके या पक्षाला १४ टक्क्यांवर मतं पडली आणि जागा मिळाल्या ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मतं त्याहून कमी होती, पण मतदार ठरावीक भागांत एकवटलेले असल्याने त्यांना ७२ जागा मिळाल्या. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत मतं किती आहेत याइतकंच ती कुठे आहेत हेही महत्त्वाचं ठरतं. वाचकाला हे सूत्र सांगण्याआधी हे तीन आकडे दाखवा.

तफावत एका आकड्यात मांडायची असेल तर राज्यशास्त्राचे अभ्यासक मायकेल गॅलाघर यांचा निर्देशांक वापरतात. तो घरी काढता येतो. प्रत्येक पक्षाच्या मतांच्या आणि जागांच्या टक्केवारीतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, बेरजेला दोनने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा, पहिल्या पक्षाला ४० टक्के मतं आणि ६० टक्के जागा, दुसऱ्याला ३५ आणि ३०, तिसऱ्याला २५ आणि १०. फरक २०, ५ आणि १५. वर्गांची बेरीज ४०० अधिक २५ अधिक २२५, म्हणजे ६५०. त्याचे निम्मे ३२५, वर्गमूळ सुमारे १८. शून्य म्हणजे मतं आणि जागा तंतोतंत जुळल्या. आकडा जितका मोठा तितकी विसंगती जास्त. सर्वसाधारण सभेत हा आकडा सांगू नका, तिथे तो पोचत नाही. पत्रकार, वकील आणि समित्यांपुढे मात्र त्याला वजन आहे, कारण एकाच मापाने दोन निवडणुका किंवा दोन देश तोलता येतात.

आता या पायरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुमच्या आवडीचा पक्ष ज्या निवडणुकीत हरला तीच निवडणूक उदाहरण म्हणून घेतलीत, तर मोहीम तिथेच संपली असं समजा. ज्या निवडणुकीत जुन्या पद्धतीचा फायदा तुमच्याच बाजूला झाला, ती तक्त्यात सर्वांत वर ठेवा. समोरचा माणूस आधी हेच तपासतो, आणि त्याने तपासण्याआधी तुम्ही ते मांडलेलं असलं की पुढचं बोलणं तो ऐकून घेतो.

मागणी निवडताना स्वतःशी प्रामाणिक राहा

पर्याय अनेक आहेत, आणि प्रत्येकाची किंमत आहे. यादी पद्धतीत जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, पण यादीत कोण आणि कितव्या क्रमांकावर हे ठरवताना पक्षनेत्यांची पकड वाढते. न्यूझीलंड आणि जर्मनीत मिश्र पद्धत आहे. मतदार दोन मतं देतो, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. जागा मिळायला पक्षाला साधारणपणे किमान ५ टक्के मतं लागतात. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. भारतात राज्यसभेची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते, फक्त तिथे मतदार आमदार असतात. एका जागेसाठी पसंतीक्रम हा आणखी एक प्रकार आहे. त्यात विजेत्याला व्यापक पाठिंबा लागतो, पण त्याने जागा मतांच्या प्रमाणात येतील याची खात्री नसते. पुष्कळ कार्यकर्ते इथेच गल्लत करतात आणि नंतर सभेत उत्तर देताना अडकतात.

ब्रिटनमधलं २०११ चं सार्वमत या बाबतीत डोळे उघडणारं आहे. आघाडी सरकारच्या वाटाघाटींतून एका जागेसाठी पसंतीक्रम हा पर्याय पुढे आला. ज्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने तो मिळवला त्यालाही तो मनापासून नको होता, त्याला प्रमाणबद्ध पद्धत हवी होती. त्याच्या नेत्याने वर्षभर आधी या पर्यायाला उघडपणे कमी लेखलं होतं. सार्वमतात ६७.९ टक्के लोकांनी नकार दिला. पराभवाची कारणं अनेक होती, पण ज्या बदलावर मागणाऱ्याचाच जीव नाही तो मतदाराच्या गळी उतरत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या फरकाने हरल्यावर तो प्रश्न तिथे कित्येक वर्षं उघडता आला नाही. अर्धवट बदल स्वीकारायचा की थांबायचं, हा निर्णय मोहिमेतल्या सगळ्यांनी आधी एकत्र बसून घ्यावा, आणि तो लिहून ठेवावा.

कोणतं दार ठोठवायचं?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. तुमची मागणी संविधानात बदल केल्याशिवाय होत नाही का? साध्या कायद्याने होते? की निवडणूक आयोगाच्या आदेशाने, नियमावलीतल्या एका नमुना अर्जातल्या बदलाने होते? प्रत्येक दाराला वेगळी किल्ली लागते आणि वेगळी माणसं लागतात. एखाद्या निवृत्त निवडणूक अधिकाऱ्याला किंवा घटनेच्या अभ्यासकाला गाठून पहिल्या महिन्यातच ही यादी करून घ्या. नंतर केलेली यादी फार महाग पडते.

भारतातलं उमेदवारांच्या शपथपत्रांचं प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखं आहे. उमेदवारावरचे फौजदारी खटले, त्याची मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळावं, अशी मागणी होती. संसदेकडून ती मान्य होईल अशी चिन्हं नव्हती. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि ती माहिती घेण्याचे निर्देश निवडणूक आयोगाला दिले. त्यावर राजकीय पक्ष एकत्र आले. सरकारने आधी अध्यादेश आणि मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून हा निकाल पातळ करण्याचा प्रयत्न केला. याचिकाकर्ते पुन्हा न्यायालयात गेले आणि मार्च २००३ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. आज प्रत्येक उमेदवार जे शपथपत्र भरतो, ते त्यातून आलं.

या मोहिमेचं मला सर्वांत मोल वाटतं ते तिच्या मांडणीसाठी. "पद्धत बदला" असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं नाही, कारण तो अधिकार संसदेचा आहे. मतदाराचा एक हक्क आहे आणि तो डावलला जातोय, एवढंच त्यांनी सांगितलं. न्यायालयाला जे करता येतं तेच मागितलं.

काही ठिकाणी नागरिकांना सह्या जमवून थेट प्रस्ताव मतदानाला टाकता येतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फाही यांनी समाजमाध्यमावर मतदारसंघांच्या सीमांविषयी एक छोटी पोस्ट टाकली, तिला प्रतिसाद देणाऱ्यांतून संघटना उभी राहिली. पगारी माणसं न नेमता स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या जमवल्या. २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी सीमा आखण्याचं काम आमदारांच्या हातून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे गेलं: ४ एका मोठ्या पक्षाचे, ४ दुसऱ्याचे, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले.

जिथे असा थेट मार्ग नाही, तिथे तिसऱ्या कुणाकडून शिफारस आणवणं उपयोगी पडतं. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षाला मतं जास्त मिळाली आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. मजूर पक्ष सत्तेवर आल्यावर १९८५ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे एक स्वतंत्र चौकशी आयोग, नेमलं गेलं. त्यात पक्षांचे पुढारी नव्हते. १९८६ च्या अहवालात त्याने मिश्र पद्धतीची शिफारस केली. दोन्ही मोठ्या पक्षांत या बदलाविषयी नाराजी होती, पण अहवाल छापला गेला होता आणि कार्यकर्त्यांनी तो विसरू दिला नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ मध्ये चिठ्ठ्या काढून निवडलेल्या १६० सामान्य नागरिकांची सभा वर्षभर अभ्यास करत होती. अशा सभेचा फायदा असा की तिच्यातल्या कुणालाच पुढची निवडणूक लढवायची नसते, आणि म्हणून तिचा शब्द नेत्यांपेक्षा जास्त ऐकला जातो.

कागदावर घ्यायच्या तीन गोष्टी

सार्वमताचं किंवा बदलाचं आश्वासन मिळालं की कार्यकर्ते आनंदाने सुटतात. नेमकं तेव्हाच बारकाईने वाचायला बसायचं असतं.

पहिली गोष्ट, जिंकायला लागणाऱ्या किमान मतांची मर्यादा. ब्रिटिश कोलंबियात २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोकांनी नव्या पद्धतीच्या बाजूने मत दिलं आणि तरीही प्रस्ताव पडला, कारण सरकारने ६० टक्क्यांची अट घातली होती. २००९ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा पाठिंबा ३९ टक्क्यांवर आला होता. संधी एकदा निसटली की तिच्यामागची उमेदही ओसरते. मर्यादेवरची लढाई सार्वमत जाहीर होण्याआधी लढायची; नंतर तक्रार केली तर ती हरलेल्याची रड ठरते.

दुसरी, निकाल बंधनकारक आहे की सल्लावजा. कॅनडाच्याच प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांतात २०१६ च्या मतदानात मिश्र पद्धतीला बहुमत मिळालं, पण मतदान कमी झाल्याचं कारण देऊन सरकारने ते अमलात आणलं नाही. आइसलंडमध्ये २०१२ साली नव्या संविधानाच्या मसुद्याला सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी पसंती दिली, संसदेने तो मंजूर केला नाही.

तिसरी, तारीख. २०१५ ची निवडणूक जुन्या पद्धतीची शेवटची असेल, असं कॅनडातल्या लिबरल पक्षाने जाहीर केलं होतं. सत्तेत आल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने तो विषय सोडला. कोणती पद्धत आणणार आणि कोणत्या महिन्यात विधेयक मांडणार, हे त्या आश्वासनात नव्हतं.

वेळेच्या बाबतीत व्हेनिस कमिशनचं, म्हणजे युरोप परिषदेच्या घटनाविषयक सल्लागार मंडळाचं, मार्गदर्शन हाताशी ठेवा. निवडणूक कायद्याच्या मूलभूत तरतुदी निवडणुकीच्या आधी एक वर्षाच्या आत बदलू नयेत, असं त्याची २००२ ची आचारसंहिता सांगते. म्हणजे तुमचं वेळापत्रक निवडणुकीपासून मागे मोजत यायला हवं. निवडणूक झाल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत मोलाचे, विशेषतः निकाल विचित्र लागला असेल तर.

माणसं, सह्या, पैसे

सुरुवातीचा गट लहान चालतो, पण एकाच रंगाचा चालत नाही. वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं पहिल्या दहांत असलीच पाहिजेत. एक लेखी नियम करा: मोहिमेचा पदाधिकारी त्या काळात निवडणूक लढवणार नाही. देणगी कुणाची, किती, हे दर महिन्याला जाहीर करा. तुम्ही इतरांकडे पारदर्शकता मागता आहात, तेव्हा तुमचे हिशेब आधी उघडे असले पाहिजेत.

सह्यांच्या मोहिमेविषयी थोडं सविस्तर. न्यूझीलंडमध्ये केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८९३ मध्ये जवळजवळ ३२,००० स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला. तेवढ्या लहान देशात ती संख्या नजरेआड करता येण्यासारखी नव्हती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. याच्या उलट १८४८ चा चार्टिस्टांचा अर्ज. ५० लाखांहून अधिक सह्या असल्याचं त्यांनी सांगितलं. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तेव्हा त्या २० लाखांच्या आतच भरल्या, आणि त्यात राणी व्हिक्टोरियाच्या नावाचीही सही निघाली. खऱ्या सह्या लाखोंच्या संख्येने होत्या, पण चर्चा झाली ती खोट्या सह्यांचीच.

म्हणून प्रत्येक सहीसमोर पूर्ण नाव, मतदारसंघ आणि तारीख घ्या. सह्या घेणाऱ्याचं नाव कागदाच्या तळाशी असू द्या. दर आठवड्याला दुसऱ्या कार्यकर्त्याकडून दहातली एक सही पडताळून घ्या. संख्या सांगताना पडताळलेलीच सांगा. आणि सही करणाऱ्याला तिथेच आणखी एक लहान काम विचारा: बैठकीला याल का, तुमच्या इमारतीत दहा कागद फिरवाल का? शंभरातले पाच हो म्हणाले तरी तेच पुढचे कार्यकर्ते. लोकांची माहिती मोहिमेच्या कामापलीकडे कुणाला देऊ नका, कुठल्याही पक्षाला तर मुळीच नाही.

लोकांशी बोलायचं कसं

"प्रमाणबद्धता" हा शब्द घेऊन दारात गेलात तर दार बंद होतं. विचारायचा प्रश्न साधा आहे: मागच्या वेळी तुम्ही ज्याला मत दिलं तो निवडून आला का? नसेल तर तुमच्या मताचं पुढे काय झालं? पुष्कळांनी याचा कधी विचार केलेला नसतो. ते बोलू लागले की ऐका. कुणी म्हणेल, आमच्याकडे तोच पक्ष येतो, मत देऊन काय उपयोग. कुणी म्हणेल, मला आवडणारा उमेदवार निवडून येणार नाही म्हणून नावडत्यांपैकी बऱ्याला मत दिलं. ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. पत्रकात तीच वापरा, कारण तुमच्या मसुदा समितीला तितकी चांगली वाक्यं सुचणार नाहीत.

सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे लुटुपुटीची निवडणूक. चाळीस माणसांची सभा असेल तर सहा काल्पनिक उमेदवार ठेवा, खरे नेते नकोत, नाहीतर सभा भलतीकडे जाते. सगळ्यांना १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायला सांगा. आधी फक्त पहिली पसंती मोजून एक विजेता काढा, आणि तो ज्यांची पहिली किंवा दुसरी पसंती आहे त्यांना हात वर करायला सांगा. मग तेच कागद घेऊन तीन जागांसाठी मोजा. निवडून यायला लागणारा कोटा असा काढतात: एकूण वैध मतं भागिले (जागा अधिक एक), आलेल्या पूर्णांकात आणखी एक मिळवायचा. ४० मतं, ३ जागा, म्हणजे ४० भागिले ४ बरोबर १०, आणि एक मिळवून कोटा ११. कोटा पूर्ण झालेल्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कुणाचाच कोटा भरत नसेल तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याचे कागद पुढच्या पसंतीकडे जातात. हे फळ्यावर सगळ्यांसमोर करा. शेवटी हात वर करायला सांगा: निवडून आलेल्यांत तुमची पहिली किंवा दुसरी पसंती आहे का? पहिल्या मोजणीनंतर वर झालेले हात आणि आताचे हात यांत बहुतेक वेळा फरक दिसतो, आणि तो माणसं स्वतः पाहतात.

विरोधाचे मुद्दे ठरलेले आहेत: नवी पद्धत अवघड आहे, खर्चिक आहे, सरकारं पडतील, स्थानिक प्रतिनिधी राहणार नाही. ब्रिटनच्या २०११ च्या सार्वमतात विरोधकांनी बदलाचा खर्च २५ कोटी पौंड येईल असा दावा केला आणि फलकांवर नवजात बाळाचं चित्र लावून विचारलं की हा पैसा प्रसूतिगृहाला नको का. आकडा वादग्रस्त होता, पण मनात बसला. अशा आरोपाला तीन दिवसांनी दिलेलं उत्तर वाया जातं. खर्चाचा स्वतःचा अंदाज आधीच, जाणकाराकडून तपासून, तयार ठेवा.

अवघडपणाच्या आक्षेपाला आयर्लंड हे उत्तर आहे. तिथले मतदार शंभर वर्षं पसंतीक्रम लिहीत आले आहेत. सरकारने १९५९ आणि १९६८ मध्ये दोनदा ती पद्धत काढून टाकण्यासाठी सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा मतदारांनी ती राखली. आघाडी सरकारांचा मुद्दा मात्र झटकून टाकू नका. प्रमाणबद्ध पद्धतीत एका पक्षाचं बहुमत विरळाच येतं आणि वाटाघाटी वाढतात, हे खरं आहे. ते मान्य करा, आणि मग निम्म्याहून कितीतरी कमी मतांवर पूर्ण सत्ता मिळणं जास्त बरं का, हा प्रश्न ठेवा.

लोकप्रतिनिधींची भेट

भेटीला तीन माणसं पुरेत, त्यातलं एक त्यांच्याच मतदारसंघातलं हवंच. एक पान द्या, एकच गोष्ट मागा: विधेयकाला पाठिंबा, समितीत प्रश्न, किंवा लेखी भूमिका. भेट संपल्यावर त्याच दिवशी काय बोलणं झालं ते त्यांना लिहून पाठवा. सर्व प्रतिनिधींच्या भूमिकेचा तक्ता जाहीर ठेवा आणि "अजून उत्तर नाही" हाही एक रकाना ठेवा.

सगळ्यांकडे सारखा वेळ घालवू नका. मतं भरपूर आणि जागा कमी असलेले पक्ष, पुन्हा उभे न राहणारे ज्येष्ठ सदस्य आणि मोठ्या पक्षांतली ती माणसं ज्यांच्या भागात पक्षाला मतं पडतात पण जागा येत नाहीत, यांच्याकडे आधी जा. त्यांचा हिशेब नव्या नियमांत चुकत नाही. मोठ्या पक्षाच्या नेत्यांना तुमचा तक्ता दाखवा, ज्यात त्यांचाही कधी तरी तोटा झालेला आहे. आज जिंकलेल्याला उद्याची भीती असते, तिच्याशी प्रामाणिकपणे बोलता येतं.

मतदान जवळ येतं तेव्हा

पाठिंबा शेवटच्या काळात घसरतो हे गृहीत धरा. न्यूझीलंडमध्ये १९९२ च्या पहिल्या सार्वमतात ८४.७ टक्के मतदारांना बदल हवा होता. १९९३ च्या बंधनकारक सार्वमतापर्यंत विरोधकांनी पैसा आणि जाहिराती ओतल्या. सभागृहातल्या जागा ९९ वरून १२० होणार, म्हणजे राजकारणी वाढणार, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. शेवटी मिश्र पद्धतीला ५३.९ टक्के मतं मिळाली. सुरुवातीच्या पाहणीत तुमच्या बाजूला निम्म्याहून थोडेसेच लोक असतील तर अजून वर्षभर काम बाकी आहे असं समजा. शेवटच्या आठवड्यांत नवे मुद्दे काढू नका. ज्यांनी हो म्हटलंय त्यांना मतदान केंद्रापर्यंत नेणं, एवढंच काम उरतं.

जिंकल्यावर कार्यालय बंद करू नका

फ्लोरिडात २०१८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी शिक्षा भोगून आलेल्यांचा मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून दंड आणि न्यायालयीन रकमा भरल्याशिवाय तो हक्क मिळणार नाही अशी अट घातली. अमेरिकेच्याच मिसुरी राज्यात २०१८ ला मंजूर झालेली सीमा आखण्याची नवी व्यवस्था २०२० मध्ये दुसऱ्या प्रस्तावाने मोडली गेली. त्या प्रस्तावात लॉबी करणाऱ्यांच्या (आमदारांवर प्रभाव टाकण्यासाठी नेमलेल्या माणसांच्या) भेटवस्तूंवर बंदी अशी लोकांना आवडणारी तरतूद सोबत जोडलेली होती. मिशिगनच्या नागरिक आयोगाने आखलेल्या डेट्रॉइट भागातल्या काही सीमा २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने वंशाच्या आधारे आखल्याचं सांगून रद्द केल्या. आयोग स्वतंत्र असला तरी त्याच्या बैठकांना कुणीतरी बसलंच पाहिजे.

म्हणून कायदा झाल्या दिवसापासून नियमावलीच्या मसुद्यावर दोन माणसं कायमची नेमा. मतपत्रिकेचा नमुना, मोजणीची पद्धत, मतदान कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सूचना मागवण्याच्या तारखा, हे सगळं तिथे ठरतं आणि बातम्यांत येत नाही. मतदार शिक्षणासाठी तुमच्या लुटुपुटीच्या निवडणुकीचे कागद निवडणूक अधिकाऱ्यांना द्या.

सह्या जमवणाऱ्यांची यादी जपून ठेवा. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१६ मध्ये मतदारांनी पसंतीक्रम पद्धत मंजूर केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नंतर मत दिलं की गव्हर्नर आणि राज्य विधिमंडळाच्या सार्वत्रिक निवडणुकीत ती संविधानाच्या शब्दांत बसत नाही. २०१७ मध्ये विधिमंडळाने ती पुढे ढकलून कालांतराने रद्द होईल असा कायदा केला. कार्यकर्ते हिवाळ्यात पुन्हा सह्यांना निघाले, आणि जून २०१८ मध्ये मतदारांनी तो कायदा रोखला. पसंतीक्रम पक्षांतर्गत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) आणि संघीय निवडणुकांमध्ये लागू झाला. संविधानाच्या शब्दांचा प्रश्न त्यांच्याकडे आधीच सुटलेला असता, तर राज्याच्या निवडणुकाही त्यात आल्या असत्या. म्हणून मसुदा छापायला देण्याआधी तो घटनेच्या वकिलाकडून कलमवार तपासून घ्या, आणि त्याचं मत लेखी घ्या.